सैल त्वचा, उष्णता आणि तीन महिन्यांची वाट

बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्रींसाठी चेहऱ्याची त्वचा घट्ट करून घ्यायची असेल, तर भाद्रपदात क्लिनिक गाठून फारसा उपयोग होत नाही. तो निर्णय ज्येष्ठातच घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या या उपचारांत त्वचेच्या आतल्या थराला साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते, त्यामुळे तिथले कोलॅजनचे, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू आकसतात आणि झालेली सूक्ष्म इजा भरून काढताना शरीर नवे कोलॅजन तयार करते. हे काम दोन-तीन महिने, कधी सहा महिनेही चालते. उपचारानंतर लगेच आरशात दिसणारा ताठपणा हा बराचसा सुजेचा असतो.

मात्र यंत्राच्या नावापेक्षा त्वचा कशामुळे सैल झाली, हा प्रश्न आधीचा आहे. केवळ कोलॅजन कमी झाले असेल आणि सैलपणा बेताचा असेल, तर रेडिओफ्रीक्वेन्सी उपयोगी पडते; तिच्यात विद्युतप्रवाहाला ऊतींकडून होणाऱ्या विरोधातून उष्णता निर्माण होते. केंद्रित अल्ट्रासाउंड १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर खोलीवर नेमके बिंदू तापवतो, आणि यांतली सर्वांत खोल पातळी म्हणजे फेसलिफ्ट करताना शल्यचिकित्सक जे तंतुमय आवरण ओढून घेतात, तेच. गाल मुळात चरबी आणि हाड झिजल्याने बसले असतील, तर उष्णतेने उरलीसुरली चरबीही घटण्याची भीती असते. चाळीस किलो वजन उतरवल्यावर लोंबणाऱ्या कातडीला तर यांपैकी कशानेही आवर बसत नाही; तिथे शस्त्रक्रियाच सुचवणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाचा मुद्दा जाहिरातींत सहसा येत नाही. अनेक लेझरचा प्रकाश मेलॅनिन हे त्वचेतले रंगद्रव्य शोषून घेते, म्हणून आपल्याकडे भाजण्याचा आणि नंतर काळे डाग राहण्याचा धोका अधिक असतो. रेडिओफ्रीक्वेन्सी व अल्ट्रासाउंड मेलॅनिनवर अवलंबून नसल्याने त्या मानाने सुरक्षित ठरतात. पण भाजल्याचा डाग आपल्या त्वचेवर बहुधा काळाच पडतो, मग यंत्र कोणतेही असो. सुया टोचून रेडिओफ्रीक्वेन्सी देण्याच्या पद्धतीबाबत औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२५मध्ये भाजणे, व्रण, चरबी नष्ट होणे आणि मज्जातंतूंना इजा अशा तक्रारींची नोंद घेऊन इशारा दिला आहे. त्यामुळे हँडपीस, म्हणजे यंत्राचा त्वचेवर फिरवायचा भाग, कोणाच्या हाती असणार, हे विचारण्यात संकोच नसावा. पेसमेकर, गर्भारपण किंवा केलॉइडची (जखमेचा व्रण फुगून वाढण्याची) प्रवृत्ती असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे.

डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळत स्कूटर चालवणाऱ्या बडोदेकर स्त्रियांची कधी थट्टा होते, परंतु कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) चालना देणारे अतिनील किरण अडवण्याचे काम त्या ओढणीने बऱ्यापैकी होते. उपचार घ्यायचाच झाला, तर आधीचे छायाचित्र आणि तीन महिन्यांनंतरचे छायाचित्र एकाच प्रकाशात, एकाच कोनातून आणि न हसता काढलेले असावे, ही अट क्लिनिकला आधीच घालावी.