वॉचमनची केबिन आणि पवनचक्कीतलं घर

सोसायटीच्या ग्रुपवर परवा फॉरवर्ड आला, ‘पवनचक्कीच्या पात्यात राहतात माणसं!’ फोटो खरा होता, ओळ चुकीची. नेदरलँड्समध्ये 2024 साली व्हॅटनफॉल या वीज कंपनीसाठी सुपरयूज स्टुडिओज या डिझाइन संस्थेने हे घर केलं, पण ते पात्यात नव्हे, नॅसेलमध्ये. नॅसेल म्हणजे खांबाच्या टोकावरची पेटी, जिच्या पोटात गिअरबॉक्स आणि जनरेटर असतात. 2 मेगावॉटच्या पवनचक्कीची ही पेटी ऑस्ट्रियात 20 वर्षं राबली होती. यंत्रं उतरवल्यावर जागा उरली 10 मीटर लांब, 4 मीटर रुंद. घोडबंदर रोडला एवढ्यात वन बीएचके विकतात.

पण घर कशाला, वितळवून टाका की! इथेच खरी गंमत आहे.

पेटीचं कवच फायबरग्लासचं असतं. आमच्या गेटवरची वॉचमनची केबिनही त्याच जातीची. तिचा एक कोपरा टेम्पोने उडवलाय. तिथे पांढरे, केसासारखे तंतू बाहेर आलेत, बोट फिरवलं की तासभर खाज सुटते. ते काचेचे धागे. त्यांना धरून ठेवतं ते रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव. साच्यात कापडासारखी काच अंथरायची आणि हार्डनर घातलेलं रेझिन ब्रशने चोपडायचं. रेझिनमध्ये पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या असतात, साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध. हार्डनरमधून मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार शोधणारे उतावळे रेणू, सुटतात, ती हे बंध उघडतात आणि रेझिनमध्येच मिसळलेल्या स्टायरीन या द्रवाचे रेणू एका साखळीतून दुसरीत पूल बांधत सुटतात. बंध जुळताना उष्णता निघते, म्हणून बादली हाताला गरम लागते. शेवटी सुट्या साखळ्या उरतच नाहीत, सगळं मिळून एकच अवाढव्य जाळं होतं. चिक्कीचा गूळ पुन्हा वितळतो, घावनाचं पुन्हा पीठ होत नाही. हे घावन आहे. तापवलं तर वितळणार नाही, करपेल.

पात्यांचं रेझिन बहुधा इपॉक्सी नावाचं, रसायन वेगळं, पण जाळं तसंच. म्हणून अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्पर गावी पाती कापून चक्क पुरली. त्यापेक्षा वस्तू आहे त्या आकारात वापरणं शहाणपणाचं. आयर्लंडमध्ये जुन्या पात्यांचा पादचारी पूल झालाय. ‘शंभर टक्के रिसायकल’वाल्या जाहिराती मात्र जपून वाचाव्यात. जाळं रसायनांनी सोडवता येतं, पण पुरण्याइतकं स्वस्तात नाही.

आपल्याकडे साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्याही आता म्हाताऱ्या झाल्यात. त्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, असं सांगणारे अजून भेटतात. पावसाळी ढगाची जाडी किलोमीटरांत, चक्कीची उंची मीटरांत. पंख्याने समुद्राची भरती परतवण्यातला प्रकार.

ठाण्यात अशी पेटी आणून ठेवली तर? कवच टिकेल, पाऊसही आत येणार नाही. पण डच घराला आतून उष्णतारोधक अस्तर आहे, आमच्या केबिनला नाही. मे महिन्यात दुपारी बारानंतर वॉचमनकाका खुर्ची उचलून बदामाच्या झाडाखाली येतात. रजिस्टर तेवढं आत.