सोशल इम्पॅक्ट फंडाची सेबीकडे नोंदणी : पात्रता, प्रशिक्षण आणि कागदपत्रे

बाजारातील प्रचलित दरापेक्षा कमी परतावा किंवा अधिक जोखीम जाणीवपूर्वक पत्करून इतर गुंतवणूकदारांना अविकसित भागांतील उपक्रमांकडे वळवणाऱ्या पैशाला उत्प्रेरक भांडवल म्हणतात. असे भांडवल भारतात रीतसर एकत्र करण्याची सोय सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या पर्यायी गुंतवणूक निधी विनियम, 2012 मध्ये आहे. त्यातील पहिल्या श्रेणीतल्या सोशल व्हेंचर फंडाला 2022 च्या दुरुस्तीने सोशल इम्पॅक्ट फंड हे नाव मिळाले. या फंडाला कमी परतावा स्वीकारता येतो, तसेच अनुदान घेता येते आणि देताही येते. मात्र अनुदान देणाऱ्याला नफ्यात वाटा मिळत नाही.

अर्जदार न्यास, कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी असू शकतो. बहुतेक इतर निधींना प्रत्येक योजनेत किमान 20 कोटी रुपये उभारावे लागतात, तर येथे 5 कोटी पुरतात. प्रायोजकाने (निधी स्थापन करणाऱ्याने) किंवा व्यवस्थापकाने निधीच्या अडीच टक्के किंवा 5 कोटी, यांपैकी कमी असेल तेवढी रक्कम स्वतःची ठेवायची असते. म्हणजे 5 कोटींच्या योजनेत साडेबारा लाख रुपये. गुंतवणूकयोग्य रकमेपैकी किमान 75 टक्के रक्कम सामाजिक उपक्रमांत गुंतवावी लागते.

मुख्य गुंतवणूक चमूतील किमान एकाने एनआयएसएम या रोखे बाजाराचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची निधी व्यवस्थापकांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण केलेली असली पाहिजे, आणि किमान एकाकडे वित्त, लेखा, वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा तत्सम विषयातील व्यावसायिक पात्रता हवी. परीक्षेने नियमांचे ज्ञान येते, परंतु ग्रामीण उपक्रमाची परतफेडीची क्षमता जोखण्यासाठी त्या भागात काम केलेला माणूसही चमूत असावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अर्ज सेबीच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म ए’मध्ये करायचा असून त्याचे शुल्क 1 लाख रुपये अधिक जीएसटी आहे, मंजुरीनंतर 5 लाखांचे नोंदणी शुल्क वेगळे. सोबत नोंदणीकृत न्यासपत्र किंवा घटनापत्र जोडावे, आणि त्यात जनतेला गुंतवणुकीचे जाहीर आवाहन करण्यास मनाई असल्याचा उल्लेख असावा. पॅन, प्रायोजक व व्यवस्थापकाची आर्थिक विवरणे, चमूची प्रमाणपत्रे आणि योग्य व पात्र व्यक्ती असल्याची घोषणापत्रेही लागतात.

सर्वांत जास्त काळजी प्रायव्हेट प्लेसमेंट मेमोरँडम या माहितीपत्रकाची घ्यावी. ते मर्चंट बँकरमार्फत, म्हणजे सेबीकडे नोंदणी असलेल्या भांडवल उभारणी सल्लागारामार्फत, सादर होते. कोणाचा परतावा कमी राहील आणि अनुदान कुठे जाईल, हे त्यात स्पष्ट लिहावे. एका गटाने इतरांपेक्षा अधिक तोटा सोसण्याच्या रचनेवर सेबीने नोव्हेंबर 2022 मध्ये नव्या गुंतवणुकीपुरती बंदी घातली, आणि 2024 च्या दुरुस्तीने गुंतवणूकदारांचे हक्क त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात ठरवले. सरकारी मालकीच्या संस्था आणि विकास वित्तसंस्था यांसारख्यांना मात्र अधिक तोट्याचा वाटा उचलण्याची सवलत आहे. त्यामुळे पहिला तोटा सोसणारा भागीदार या सवलतीत बसतो का, हे मसुदा करण्यापूर्वीच तपासावे.