फायटरच्या डावपेचांचा समतोल

टेबलटॉप फँटसी रोल-प्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक काल्पनिक पात्र वठवण्याच्या खेळांत, शस्त्र आणि चिलखत यांच्या बळावर लढणाऱ्या पात्राला फायटर म्हणतात. नुसता वार करण्याखेरीज त्याला शत्रूला पाडता येते, ढकलता येते, धरून ठेवता येते, हातचे शस्त्र उडवता येते, वाट अडवता येते. अशा प्रत्येक डावाची किंमत आणि त्यातून मिळणारे फळ यांचा मेळ घालणे म्हणजे डावपेचांचा समतोल. डाव वारापेक्षा महाग पडला तर तो कोणी खेळत नाही आणि स्वस्त पडला तर दुसरे काही खेळलेच जात नाही. टेबलावर तक्रार बहुधा ‘फायटरचे डॅमेज (वाराने होणारी, अंकांत मोजलेली इजा) कमी पडते’ अशी असते. गोम पुष्कळदा या किमतीत असते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला तो ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळाच्या नियमांतून. त्यातल्या ‘फायटिंग-मॅन’ला डावांची वेगळी यादी नव्हती, काय जमते ते रेफरी ठरवी. तिसऱ्या आवृत्तीने (२०००) डावांना पक्के नियम दिले, फायटरला २० लेव्हलांत (अनुभवाच्या पायऱ्यांत) ११ जादा फीट (निवडून घ्यायची खास कौशल्ये) दिले आणि तिथेच एक घोटाळा केला. योग्य फीट नसताना कोणी शस्त्र उडवायला किंवा शत्रूला धरायला गेले, तर समोरच्याला आधी एक फुकट वार मिळे. म्हणजे आधी सर्वांचा हात बांधायचा आणि मग फीट खर्चून सोडवायचा. परिणामी एकाच डावावर सगळे फीट ओतलेली पात्रे तयार झाली. काट्यांची साखळी घेऊन १० फुटांवरून शत्रूला पाडायचे आणि तो उठू लागला की पुन्हा हाणायचे, हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रकार.

किंमत कशी मोजायची, हे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर पाहू. पाचव्या लेव्हलचा फायटर, ताकद १८, हल्ल्याच्या फाशात +७, दोन हाती तलवार: सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४, सरासरी ११. शत्रूचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १६. वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के. क्रिटिकल (२० पडल्यास डॅमेजचे फासे दुप्पट) धरून एका वाराची सरासरी ६.९५ आणि पाळीतल्या दोन वारांची १३.९. आता पहिला वार सोडून शत्रूला पाडले, तर दुसरा वार अॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून त्यातला चांगला घेऊन) होतो; त्याची सरासरी ९.९. डाव शंभर टक्के यशस्वी झाला तरी एकट्या फायटरचा ४ अंकांचा तोटाच. म्हणून एकट्याने पाडापाडी करण्यात अर्थ नाही.

साथीदार आले की हिशेब फिरतो. शत्रूला लागून उभ्या असलेल्या तशाच ताकदीच्या एका साथीदाराला पडलेल्या शत्रूवर सुमारे ६ अंक जास्त मिळतात. पण डाव ६५ टक्के वेळाच जमतो असे धरले, तर फायटरचा तोटा ५ आणि साथीदाराचा फायदा ३.९, एकूण अजून तोटाच. असे दोन साथीदार असतील तरच डाव फळतो, तोही शत्रूची पाळी येण्याआधी दोघांची पाळी आली तर. शत्रू आपल्या पाळीला निम्मी चाल खर्चून उठतो. शिवाय ५ फुटांपलीकडून बाण मारणाऱ्याला पडलेल्या शत्रूवर डिसअॅडव्हांटेज (दोन फाशांतला वाईट घ्यायचा) असतो, आणि ते नेमके वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाही.

याच पात्राने ‘ग्रेट वेपन मास्टर’ फीटचा सौदा घेतला, म्हणजे हल्ल्यातून ५ वजा आणि डॅमेजमध्ये १० अधिक, तर आर्मर क्लास १६ ला सरासरी १३.९ वरून १५.४ होते आणि १८ ला ११.७ वरून ११.२ वर उतरते. इथवर सौदा चांगला जमलेला आहे: कधी घ्यावा, कधी सोडावा, विचार करावा लागतो. पण अॅडव्हांटेज मिळाला की आर्मर क्लास १६ ला १९.८ विरुद्ध २५.६ असा फरक पडतो आणि विचार संपतो. नियम एकटा तपासला तर निर्दोष दिसतो. बिघडतो तो दुसऱ्या नियमाशी गाठ पडल्यावर.

किंमत लावण्याचे मार्ग खेळागणिक वेगळे आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीत (२००८) फायटर शत्रूला ‘मार्क’ करतो: त्याला वगळून दुसऱ्यावर हल्ला केल्यास शत्रूला –२, आणि शत्रू शेजारी असेल तर फायटरचा एक वारही. ‘फायटरकडे दुर्लक्ष करून जादूगाराकडे पळा’ या जुन्या दुखण्यावर इतके नेमके औषध क्वचितच सापडते. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) पाळीला तीन अॅक्शन (कृती) असतात, दुसऱ्या हल्ल्याला –५, तिसऱ्याला –१०. तिसरा वार जवळजवळ वायाच जाणार, त्यामुळे ती अॅक्शन ढाल उचलण्यात किंवा शत्रूला दरडावण्यात जाते आणि डाव आपोआप स्वस्त होतो. पाडणे मात्र हल्ल्यांतच मोजले जाते, हे नवखे विसरतात. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये वॉरियर वारासोबत एक वेगळा फासा टाकतो, वार लागला आणि त्या फाशावर ३ किंवा जास्त आले, की आधी जाहीर केलेला पराक्रम साधतो. पहिल्या लेव्हलला हा फासा तीन बाजूंचाच. किंमत शून्य, खात्रीही नाही. २०२४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने शस्त्रांनाच गुण जोडले: ‘बॅटलअॅक्स’ या कुऱ्हाडीचा वार लागला की शत्रूला सेव्ह करावा लागतो (परिणाम टाळण्यासाठी फासा टाकावा लागतो), नाहीतर तो पडतो, वार सोडावा लागत नाही. वरचा ४ अंकांचा तोटा इथे मिटतो, पण दर वाराला एक सेव्ह वाढल्याने लढाई रेंगाळते.

जादूगाराशी तुलना करताना खेळातल्या एका दिवसातल्या लढायांची संख्या पाहावी लागते. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) फायरबॉल हा आगीचा मंत्र दोनदा. प्रत्येकी सरासरी २८, तेही २० फूट त्रिज्येतल्या सर्वांना. सहा शत्रू सापडले आणि कोणाचाच सेव्ह जमला नाही तर एका झटक्यात १६८. फायटर चार राऊंडांत (राऊंड म्हणजे सर्वांची एकेक पाळी) साधारण ५६ करतो. दिवसाला एकच लढाई ठेवणाऱ्या टेबलावर फायटर फिका पडणारच. सहा लढाया झाल्या तर त्याचे ३३० च्या पुढे जातात आणि विझार्डचे मोठे मंत्र कधीच संपलेले असतात. फायटरला नवे अधिकार देण्याआधी खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने हे तपासावे.

दुसरी तपासणी नकाशाची. उघड्या मैदानात फायटर कोणालाच अडवू शकत नाही: राऊंडला रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) एकच, म्हणून दोन शत्रू शेजारून निघून गेले तर एकालाच वार बसतो. ५ फुटी दारात उभा राहिला तर त्याच्याच आकाराच्या शत्रूला ओलांडून जाता येत नाही, आणि तोच फायटर, एकही नवा नियम न लावता, दुप्पट उपयोगी ठरतो.

घरगुती नियमांत सर्वांत घातक म्हणजे ‘१ पडला की शस्त्र निसटले’. एका वाराला ही शक्यता ५ टक्के. विसाव्या लेव्हलला पाळीत चार वार करणाऱ्या फायटरची १८.५ टक्के. म्हणजे जितका निष्णात, तितका धांदरट. फायरबॉल टाकणाऱ्याला तर हल्ल्याचा फासा टाकावाच लागत नाही, सेव्ह शत्रू करतो. हा नियम हवाच असेल तर तो पाळीतल्या पहिल्या वारापुरता ठेवावा.