मंगळाची चौकशी लोणारच्या काठी का होते?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला भूशास्त्रज्ञ किंवा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आले, की आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतून त्यांना बोलते करण्याचा प्रयत्न होतो, आणि सरोवरापासून निघालेले बोलणे हमखास मंगळावर जाऊन पोहोचते. ऐकणाऱ्यांना यात थोडी ओढाताण वाटू शकते. कारण एकीकडे खारट पाण्याचा खळगा, लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर, तर दुसरीकडे कोट्यवधी किलोमीटर दूरचा निर्जल ग्रह. या दोन टोकांमधला दुवा मात्र खरा आहे, आणि तो जुळायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

लोणारचा क्षार ‘ऐन-ए-अकबरी’च्या काळापासून ठाऊक होता, साबण आणि काच करण्यासाठी तो उपयोगी पडत असल्याची नोंद त्या ग्रंथात आहे. 1823 साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली, आणि त्यानंतर तेथे आलेल्या बहुतेक अभ्यासकांनी त्याला ज्वालामुखीचे मुख ठरवले. त्यांना हसण्याचे कारण नाही. वऱ्हाडातील बहुतेक जमीन ज्या काळ्या पाषाणावर उभी आहे, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचाच आहे. अशा खडकात पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असा जवळपास गोल खड्डा दिसल्यावर कोणीही आधी ज्वालामुखीचेच नाव घेईल. 1896 मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी लोणारची तुलना ॲरिझोनातील एका विवराशी केली. ही जोडी त्यांनी अचूक लावली होती, पण ॲरिझोनाचे विवरही भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असेच त्यांचे मत होते.

ॲरिझोनाचा निकाल 1960 च्या सुमारास लागला. तेथील वालुकाश्मातील गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, अतिदाबाखाली झालेले कोएसाइट हे रूप सापडले, आणि तो खड्डा अशनी आदळूनच झाला हे मान्य झाले. लोणारला ही कसोटी लावण्यात अडचण होती, कारण बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतेच. येथे वेगळा साक्षीदार शोधावा लागणार होता, आणि तो बिहारमधून आला असे म्हणायला हरकत नाही. 25 ऑगस्ट 1865 रोजी गयेजवळ शेरगोटी येथे सुमारे पाच किलोचा एक अशनी पडला होता. त्याच्या अभ्यासात 1872 मध्ये खनिजशास्त्रज्ञ चेरमाक यांना काचेसारखे एक द्रव्य आढळले आणि त्याला मॅस्केलिनाइट हे नाव मिळाले. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज या खनिजावर लाखो वातावरणांइतका दाब क्षणभर पडला, की त्याची आतली स्फटिकरचना मोडून काच होते, पण कणाची बाहेरची आकृती जशीच्या तशी राहते. अशा खडकाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात फिरवली, तर शेजारची खनिजे उजळत आणि मावळत राहतात आणि हा कण मात्र काळाच राहतो. कोणताही ज्वालामुखी असा दाब निर्माण करत नाही.

स्मिथसोनियन संस्थेचे फ्रेडरिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील त्यांचे सहकारी यांनी सरोवराच्या तळात छिद्रे घेऊन जे खडकाचे गाभे वर काढले, त्यांत हेच मॅस्केलिनाइट मिळाले. 1973 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लोणार हे बेसाल्टमधील आघाताचे विवर म्हणून जगाच्या नकाशावर आले. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेली विवरे मोजकीच आहेत, आणि त्यांत लोणार सर्वांत सुस्थितीत आहे. त्याच्या वयाचा वाद मात्र पुढेही चालू राहिला: उष्णतादीप्तीच्या, म्हणजे तापवल्यावर खनिजातून निघणारा प्रकाश मोजण्याच्या, पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे आले होते, तर आर्गॉन समस्थानिकांवरून 2011 मध्ये ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे काढण्यात आले. गावातल्या फलकांवर आणि पुस्तिकांत जुनाच आकडा बरेचदा दिसतो, तेव्हा शास्त्रज्ञांशी बोलताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

मंगळ या कथेत दोन वाटांनी आला. 1965 च्या जुलैमध्ये मरिनर-4 यानाने पाठवलेल्या 22 छायाचित्रांत विवरेच विवरे दिसली, आणि पुढील मोहिमांनी तेथील पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच असल्याचे दाखवले. दुसरी वाट शेरगोटीचीच होती. 1976 मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तेथील हवेतील वायूंचे प्रमाण मोजले होते. अंटार्क्टिकात सापडलेल्या शेरगोटीच्याच जातीच्या एका अशनीतील काचेत तेच वायू अडकलेले असल्याचे 1983 मध्ये दिसून आले. म्हणजे ज्या द्रव्याने लोणारची ओळख पटली, ते द्रव्य प्रथम सापडले होते ते मंगळावरून आलेल्या दगडात. मंगळाचा आघाताने भाजलेला बेसाल्ट कसा दिसत असेल, हे हातात घेऊन पाहायचे, तर लोणारच्या काठावरील, विवरातून बाहेर फेकल्या गेलेल्या खडकाच्या थरासारखी दुसरी जागा सहज मिळत नाही.

जीवाचा प्रश्न यानंतर आला. व्हायकिंगच्या एका प्रयोगात मातीत पोषकद्रव्य मिसळताच, जीव असल्यास पडावा तसा, वायू बाहेर पडला, पण दुसऱ्या उपकरणाला त्याच मातीत विश्वासार्ह सेंद्रिय पदार्थ आढळला नाही. पुढे 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट, म्हणजे तापवल्यावर सेंद्रिय पदार्थ नष्ट करू शकणारा क्षार, सापडले आणि आधीच्या दोन्ही निष्कर्षांचा फेरविचार करावा लागला. या अनुभवाने शास्त्रज्ञांची भाषा सावध केली. ते आता ‘जीव सापडला का’ असे आधी विचारत नाहीत. जीव जगू शकेल अशी परिस्थिती तेथे कधी होती का, पाणी होते का आणि ते किती काळ टिकले, असे विचारतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराचा पहिला प्रश्नही ‘तिथं पानी हाये काय?’ असाच असतो, आणि माझ्या मते त्याहून नेमका प्रश्न परिषदांतही क्वचित विचारला जातो.

या प्रश्नाला लोणार दोन प्रकारे उपयोगी पडते. आघाताच्या उष्णतेने गरम झालेले पाणी भेगाळलेल्या खडकातून फिरले आणि त्यातून चिकणमातीची खनिजे तयार झाली. जुन्या छिद्रांतून काढलेल्या गाभ्यांत हॅगर्टी आणि न्यूसम यांना ती आढळली, आणि मंगळावरील विवरांतही असे घडले असावे, अशी मांडणी त्यांनी 2003 मध्ये केली. दुसरा उपयोग सरोवराच्या पाण्याचा. त्याचा सामू (पीएच) 10 च्या आसपास, म्हणजे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. मासा येथे जगत नाही. पण निळे-हिरवे शैवाल, मिथेनवर जगणारे जीवाणू आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरले, की काठाच्या चिखलावर क्षाराची पांढरी पापडी धरते आणि ती बोटाने उचलली, की खालचा काळा, कुजका वास येणारा गाळ दिसतो. अशा गाळाचे नमुने अनेक प्रयोगशाळांतून तपासले गेले आहेत.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा तर्कांना ऊत आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत हा विषय गेला, नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले, आणि आघारकर संस्थेने या रंगाचे कारण क्षारप्रिय हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले: पाणी आटून क्षारता वाढल्यावर त्यांची वाढ झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा विषय आता मुलांना अधिक भुरळ घालतो. 1995 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मेयर आणि क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. आज अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने 124 प्रकाशवर्षे दूरच्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात जीवाशी संबंधित वायूचे संकेत मिळाल्याचे म्हटले, पण इतर गटांनी त्याच मोजमापांवर शंका घेतली. तेथून नमुना आणता येत नाही, त्यामुळे हा वाद केवळ प्रकाशाच्या पृथक्करणावर चालणार आहे.

मंगळाचे तसे नाही. फेब्रुवारी 2021 पासून पर्सिव्हरन्स ही बग्गी जेझेरो या 45 किलोमीटर रुंद विवरात फिरत आहे, जेथे पूर्वी तळे होते. तेथील एका खडकावरच्या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजे असावीत आणि ती सूक्ष्मजीवांच्या चयापचयातून आलेली असू शकतात, असे सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. मात्र जीवाशिवायही ती तयार होऊ शकतात, हेही संशोधकांनी त्याच वेळी सांगितले. खडकातील कोणती खूण जीवाची आणि कोणती निव्वळ रसायनाची, हे ओळखण्याच्या पद्धती आधी पृथ्वीवर पारखून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी बेसाल्टमधील विवराच्या तळाचा असा गाळ हवा असतो, ज्यात जीव आहे याबद्दल आधीपासूनच शंका नाही.