ट्रेसराउट साठवून ठेवायचं कुठून सुरू झालं

नेट स्लो झालं की आपण ट्रेसराउट (आपला डेटा कुठल्या कुठल्या राउटरांतून जातो ते दाखवणारी कमांड) मारतो, आउटपुट बघतो नि विंडो बंद करतो, पण काल हाच रस्ता कसा जात होता हे साठवलेलंच नसेल तर आजच्या आउटपुटवरून काय कळणार?

टूल तसं जुनं, १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले लॅबमध्ये व्हॅन जेकबसननी लिहिलं. पॅकेटमधला (पॅकेट म्हणजे डेटाचा छोटा तुकडा) टीटीएल आकडा, म्हणजे अजून किती राउटर ओलांडता येतील तो, प्रत्येक राउटर एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ही सोय खरं तर पॅकेट गोल गोल फिरत राहू नये म्हणून होती, जेकबसननी टीटीएल १, २, ३ असा वाढवत नेला आणि वाटेतल्या राउटरांचे पत्ते आपोआप मिळायला लागले. फार सुंदर डोकं लावलंय!

पण हे फक्त त्या क्षणाचं चित्र. १९९४-९५ मध्ये नेटवर्क संशोधक व्हर्न पॅक्सननी ३७ ठिकाणी प्रोग्राम बसवून त्यांच्यात आपापसात सुमारे ४०,००० ट्रेसराउट गोळा केले, तेही ठरलेल्या वेळी नाही तर रँडम अंतराने, म्हणजे नेटवर्कमध्ये ठरावीक वेळाने काही घडत असेल तर ते नेमकं सुटून जाऊ नये. (क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, सगळे बरोब्बर तासाच्या ठोक्याला लावतात, तिथे हे आठवावं.) त्यातून दिसलं की १९९५ च्या शेवटी जवळपास निम्म्या वेळा जायचा आणि यायचा रस्ता निदान एका शहराने तरी वेगळा होता, आणि हे एकेकटा ट्रेसराउट बघून कोणालाच दिसलं नसतं.

मग १९९८ मध्ये सॅन डिएगोच्या काइडा या इंटरनेट मोजणाऱ्या संशोधन गटाचं स्किटर हे रस्ते नोंदवणारं टूल आलं, २०१० मध्ये इंटरनेट मोजणाऱ्या राइप अ‍ॅटलासचे छोटे प्रोब, म्हणजे मोजणी करणारी उपकरणं, लोकांच्या घरी बसायला लागले. आपल्याकडे २००३ मध्ये निक्सी (देशातल्या प्रोव्हायडरांना एकमेकांशी जोडणारं एक्सचेंज) झालं त्यामागेही हाच प्रश्न होता, भारतातल्याच दोन प्रोव्हायडरांमधला ट्रॅफिक परदेशात फिरून येत होता.

मधे २००६ ला पॅरिस ट्रेसराउट ही सुधारित आवृत्ती बनवणाऱ्यांनी दाखवलं की जुना ट्रेसराउट प्रत्येक चाचणी पॅकेटला पोर्ट (पॅकेटवरचा एक क्रमांक) बदलतो, त्यामुळे लोड बॅलन्सर (ट्रॅफिक अनेक वाटांवर विभागणारा) पॅकेटं वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो आणि नसलेल्या लिंका दिसतात. म्हणून स्क्रिप्ट लिहिताना नुसते आयपी (राउटरांचे पत्ते) ठेवून भागत नाही, टाइमझोनसकट वेळ, कुठली मेथड (कुठल्या प्रकारचं पॅकेट), कुठले पोर्ट, टूलचं व्हर्जन, आणि आलेला आउटपुट न कापता जसाच्या तसा, स्टार आलेल्या (म्हणजे उत्तर न मिळालेल्या) ओळींसकट ठेवायचा.