कॅसरोल डिश: काच कशी बदलली

इथे कॅसरोल म्हणजे अन्न गरम ठेवणारा दुहेरी भिंतीचा डबा नव्हे, तर ओव्हनमध्ये पदार्थ शिजवून थेट टेबलावर आणायचं भांडं. मूळ फ्रेंचमध्ये हा शब्द दांड्याच्या पातेल्याचा. झाकणाच्या जड भांड्याला तिथे ‘कोकोत’ म्हणतात. इंग्रजीत कॅसरोल हा शब्द भांड्यालाही चिकटला आणि त्यातल्या पदार्थालाही.

मातीची आणि बिडाची भांडी शतकानुशतकं वापरात होती. काच आली १९१५ साली, अमेरिकेत. रेल्वेच्या कंदिलांच्या तापलेल्या काचेवर पाऊस पडला की ती तडकायची, म्हणून कमी प्रसरण पावणारी बोरोसिलिकेट काच तयार झाली होती. १९१३ मध्ये ती बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने याच काचेच्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला तळ घेतला आणि त्यात केक भाजून पाहिला. केक सगळीकडून सारखा भाजला गेला.

पुढचा निर्णय मात्र आजही वादात आहे. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत बोरोसिलिकेटच्या जोडीने टेम्पर्ड सोडा-लाइम काच, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेली खिडक्या-बाटल्यांची साधी काच, आली आणि हळूहळू तिने जवळजवळ सगळी जागा घेतली. ३३ सेंटिमीटर लांबीची डिश १५० अंशांनी तापली की बोरोसिलिकेट साधारण ०.१६ मिलिमीटर वाढते, सोडा-लाइम ०.४५ च्या आसपास. भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा गार राहिला की हाच फरक ताण होऊन बसतो. टेम्परिंगमुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो, त्यामुळे हातातून पडल्यावर ही काच जास्त टिकते, आणि उत्पादकांचा मुद्दा तोच. तो खराही आहे. पण ओव्हनच्या भांड्याची खरी परीक्षा तापमानाच्या झटक्यात होते, आणि तिथे नवी काच मागे पडते. सहनशक्ती संपली की एका क्षणात तिचे असंख्य तुकडे होतात.

१९५८ मध्ये काच-सिरॅमिकची, म्हणजे तापवून आत बारीक स्फटिक तयार केलेल्या काचेची, भांडी बाजारात आली. नियंत्रक बिघडून भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली आणि त्यातून हा पदार्थ हाती लागला. तो फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये चालतो.

सोडा-लाइम डिश वापरताना ओव्हन आधी पूर्ण तापवून घ्यावा, कारण तापताना वरची कॉइल लाल होऊन एकाच बाजूला मारा करते. मांस किंवा भाज्या ठेवण्याआधी तळ झाकेल इतकं पाणी किंवा रस्सा घालावा. सुटलेला रस नंतर तापलेल्या कोरड्या तळावर पडला तर तडा जातो. शिजताना भर घालायची असेल तर पाणी गरमच हवं. बाहेर काढलेली डिश ओल्या ओट्यावर किंवा गार स्टीलवर न ठेवता घडी घातलेल्या कोरड्या कापडावर ठेवावी. तारेच्या घासणीने पडलेला ओरखडा दिसायला किरकोळ असतो, पण तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.