गर्भस्पंदन

गर्भाची हालचाल मातेला पहिल्यांदा जाणवणे म्हणजे गर्भस्पंदन (इंग्रजी संज्ञा ‘क्विकनिंग’). पहिलटकरणीला ती साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास, तर पुढच्या बाळंतपणांत बहुधा १६व्या आठवड्यापासून जाणवते. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूस असल्यास जाणीव उशिरा होते. गर्भ प्रत्यक्षात ७-८ आठवड्यांपासूनच हलत असल्याचे सोनोग्राफीत दिसते. म्हणजे स्पंदन ही गर्भाच्या वाढीतली पायरी नसून मातेच्या जाणिवेतली घटना आहे. जुन्या कायद्याने मात्र या दोहोंत भेद केला नाही.

आयुर्वेदात कालाविषयी एकवाक्यता नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात इंद्रिये व्यक्त होताच, तिसऱ्या महिन्यापासून, गर्भ स्पंदन पावतो असे म्हटले आहे. सुश्रुत चौथ्या महिन्यात हृदय व चेतना व्यक्त होते असे सांगून दोन हृदयांच्या या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतो. मराठी ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’ (गरोदरपणीची इच्छा) या संस्कृत शब्दाशी संबंधित आहे, पण ‘दोहद’ हे ‘द्विहृद’ की ‘दौर्हृद’ यावरून आले, हे वादग्रस्त आहे. ते प्राकृतातून संस्कृतात परतलेले रूप असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. धर्मशास्त्राने स्पंदनाला दंडाचा निकष केलेले दिसत नाही. मनुस्मृतीत ‘अविज्ञात’ म्हणजे लिंग न कळलेल्या गर्भाच्या हत्येला प्रायश्चित्त आहे. आशौचविचारात (सुतकाच्या नियमांत) चौथ्या महिन्यापर्यंत ‘स्राव’, पाचव्या-सहाव्यात ‘पात’ व पुढे ‘प्रसूती’ अशी महिन्यांची मोजणी आहे.

स्पंदनाला कायद्याची सीमारेषा केले ते इंग्रजी परंपरेने. ‘क्विक’चा मूळ अर्थ ‘चपळ’ नसून ‘जिवंत’; संस्कृत ‘जीव’ त्याच धातुकुलातला. तेराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश ब्रॅक्टनच्या नावावरील ग्रंथात आकार किंवा चेतना आलेल्या गर्भाचा नाश मनुष्यवध ठरतो. कायदेपंडित एडवर्ड कोकने (१६४४) ही पायरी खाली आणली : गर्भ पोटात मेला तर मोठा अपराध, पण खून नव्हे. इंग्रजी कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोनच्या मते (१७६५) गर्भ हलू शकतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने जीवन सुरू होते. १८०३च्या एलेनबरो कायद्याने स्पंदनानंतरच्या गर्भपाताला मृत्युदंड, आधीच्याला त्याहून सौम्य शिक्षा ठेवली. १८३७मध्ये हा भेद काढून टाकण्यात आला.

इंग्लंडमध्ये फाशीची शिक्षा सुनावलेली स्त्री गरोदर असल्याचे सांगे, तेव्हा अनुभवी स्त्रियांची ज्यूरी तिला तपासत असे. गर्भ हलत असेल तरच प्रसूतीपर्यंत फाशी टळे. येथे संज्ञेचा घोळ होता. १८३८च्या एका खटल्यात न्यायाधीश गर्नी यांनी ‘क्विक विथ चाइल्ड’ म्हणजे केवळ गर्भधारणा, तर ‘विथ क्विक चाइल्ड’ म्हणजे हालचाल सुरू झालेला गर्भ, असा भेद केला. ब्लॅकस्टोनच्या वापराशी तो जुळत नाही. अडलेल्या प्रसंगी काढलेली ती वाट असावी. १९३१च्या कायद्याने गरोदर स्त्रीचा मृत्युदंडच रद्द केल्यावर प्रश्न उरला नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १८१२मध्ये स्पंदनापूर्वीचा, स्त्रीच्या संमतीने केलेला गर्भपात गुन्हा मानला नाही. गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा ‘रो’ (१९७३) व तो काढून घेणारा ‘डॉब्स’ (२०२२) या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन्ही निकालांत या इतिहासाची चर्चा आहे, निष्कर्ष मात्र उलट.

इंग्लंडने टाकलेला भेद भारतीय दंडसंहितेत (१८६०) राहिला. कलम ३१२नुसार गर्भपात घडवण्यास तीन वर्षांपर्यंत, आणि स्त्री ‘क्विक विथ चाइल्ड’ असल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होता; अधिकृत हिंदी पाठात तिला ‘स्पन्दनगर्भा’ म्हटले आहे. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने आठवड्यांची मोजणी आणली (एका डॉक्टरच्या मतावर १२ व दोघांच्या मतावर २० आठवड्यांपर्यंत; २०२१पासून अनुक्रमे २० व २४). तरीही दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ८८मध्ये स्पंदनाची अट जवळपास जशीच्या तशी आहे.